चौथ्या धड्यापर्यंत

दहावीच्या परीक्षेत लिहिलेली उत्तरे तपासणीच्या दिवशी स्वतः हजर राहतात. परीक्षक उत्तरपत्रिका उघडतो, उत्तर समोर येऊन उभे राहते, परीक्षक त्याला वरपासून खालपर्यंत पाहतो, गुण देतो आणि उत्तर बाहेर व्हरांड्यात जाऊन बसते. संध्याकाळी गठ्ठा बांधून त्याला लाखेची मोहोर लागली की व्हरांडा रिकामा होतो. मार्च महिन्यात हे असेच चालते आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही.

प्रत्येक विषयाची रीत मात्र वेगळी. इतिहासाची कारणे घोळक्याने येतात आणि क्रमांकाप्रमाणे उभी राहतात. तात्कालिक कारण सगळ्यांत शेवटी धापा टाकत पोचते, आणि जे काही घडले ते आपल्यामुळेच घडले असा त्याचा समज असतो. दूरगामी परिणाम त्या दिवशी येत नाहीत. त्यांचा अर्धा गुण राखून ठेवून तशी नोंद करतात. भूगोलाच्या नद्या आल्या की टेबलाखालची पिशवी उचलून मांडीवर घ्यावी लागते. ‘फरक स्पष्ट करा’ची उत्तरे जोडीने येतात, मधल्या रेघेच्या दोन बाजूंना उभी राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. विज्ञानाच्या आकृत्या अंगावर नावांचे बाण घेऊन येतात. त्या वर्षी एका हृदयाची डावी-उजवी बाजू मुलाने उलटी लिहिली होती. आपण बरोबर दिसावे म्हणून ते बिचारे परीक्षकाकडे पाठ करूनच उभे राहिले.

मराठीचे निबंध सगळ्यांत चांगले कपडे घालून येतात. आल्याबरोबर एक सुविचार म्हणतात, जाताना हात जोडतात.

रघुनाथ हिरवे सर एकोणीस वर्षे मराठीचे परीक्षक होते. त्या वर्षी केंद्र एका मुलींच्या शाळेत होते आणि जागा अपुरी असल्यामुळे सगळे विषय एकाच हॉलमध्ये बसवले होते. हिरवे सरांच्या डाव्या हाताला इतिहास-भूगोलाचे इनामदार, उजव्या हाताला विज्ञानाच्या शेख बाई. समोर उंच टेबलावर मुख्य नियामक थोपटे साहेब, आणि त्यांच्यासमोर परिपत्रकांची फाइल.

निबंधाला पर्याय तीन होते, पण बहुतेकांनी ‘माझे आवडते शिक्षक’ लिहिले होते, कारण गाइडात तोच निबंध होता. त्यामुळे सकाळपासून हिरवे सरांसमोर एकसारख्या बाई येत होत्या. पांढरीशुभ्र साडी, मुखावर मंद स्मित, मुखात मधुर वाणी. ‘विद्यार्थ्यांसाठी त्या चंदनासारख्या झिजतात’ हे वाक्य सगळ्यांनीच घेतले असल्यामुळे सगळ्याच कोपरांपाशी जराशा झिजलेल्या होत्या.

“हिरवे, तुमच्या बायांमुळे देवळात बसल्यासारखं वाटतंय,” इनामदार म्हणाले. “खिडकी उघडा जरा. चंदनानं डोकं चढलं.”

“माझ्या नव्हेत,” हिरवे सर म्हणाले. “गाइडच्या.”

बाराच्या सुमारास सतरावी बाई आली. साडी पांढरी, स्मित मंद, कोपरे झिजलेली. तिने सुविचार म्हटला. हिरवे सरांनी पेन उचलले आणि तेवढ्यात त्यांना तिच्या कानामागे खडूचा तुकडा दिसला.

त्यांनी उत्तरपत्रिका पुन्हा वाचली. गाइडच्या बावीस ओळींमध्ये एकच ओळ गाइडची नव्हती. ‘बाई खडूचा तुकडा सुतारासारखा कानामागे ठेवतात आणि मग सगळ्या वर्गाला खडू शोधायला लावतात.’

“आपलं नाव?” हिरवे सरांनी विचारले.

“नाव लिहिलेलं नाही,” बाई मधुर वाणीत म्हणाल्या. “ओळख पटेल असं काही लिहू नये, अशी पहिल्या पानावर सूचना आहे. गुरुजन हे ज्ञानदीप असतात, त्यांना नावाचं काय?”

हिरवे सरांची पत्नी कुमुद घाटावरच्या एका गावातल्या शाळेत शिक्षिका होती. शाळा लहान, शिक्षक कमी, म्हणून नववी-दहावीला गणित-इंग्रजी सोडून सगळेच ती शिकवायची. ती आठवडाभर तिकडे असायची आणि शनिवारी दुपारी घरी यायची. मागच्या ऑगस्टमध्ये ती वारली. जिवंत असताना तिच्यासमोर कोणी ‘ज्ञानदीप’ म्हटले असते तर तिने त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. म्हणून हिरवे सरांनी ठरवले की ही ती नव्हे. खडू कानामागे ठेवणाऱ्या बाई राज्यात पुष्कळ असतील. त्यांनी आठपैकी सात गुण दिले. बाईंनी हात जोडले आणि त्या व्हरांड्यात गेल्या.

डबा खायला हिरवे सर बाहेर आले, तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर खडू कानामागे ठेवलेल्या चार बाई बसल्या होत्या.

बाकीच्या तिघींच्या साड्या पांढऱ्या नव्हत्या. तपकिरी काठांची हिरवी सुती साडी, जी आता घरच्या कपाटात खालून तिसऱ्या घडीला होती, ती तिघींच्याही अंगावर होती. एक शेख बाईंच्या टेबलावरून आली होती, दोन इनामदारांच्या. चौघी एकमेकींकडे पाहत होत्या. मग विज्ञानातली मराठीतलीला म्हणाली, “तुम्ही आजारी आहात का? कोपरं बघा.”

हिरवे सरांनी डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला.

दुपारी थोपटे साहेबांनी चौकशी बसवली. चारही उत्तरपत्रिकांचा बारकोड एकाच परीक्षार्थ्याचा निघाला. अक्षरही एकच, जरा उजवीकडे कललेले. चौघींना पुढे बोलावण्यात आले. हिरवे, इनामदार आणि शेख बाई खुर्च्या ओढून बसले.

“तीन विषयांच्या चार उत्तरपत्रिकांत एकच उत्तर हजर आहे,” थोपटे साहेब म्हणाले. “परिपत्रकाप्रमाणे हा गैरप्रकार. परीक्षार्थ्यानं कुठून तरी एकच मजकूर उतरवला आणि सगळीकडे खपवला.”

“साहेब, मजकूर एक नाही,” शेख बाई म्हणाल्या. “माझा प्रश्न होता, वस्तुमान आणि वजन यांत काय फरक. मुलं दोन रकाने आखतात. या लेकरानं आखले नाहीत. लिहिलं, ‘बाई म्हणाल्या, मी चंद्रावर गेले तरी एवढीच असेन, पण तुमच्या मुख्याध्यापकांना उचलायला सोपी जाईन.’ त्यावर ह्या आल्या. मी तीनपैकी एक दिला. संज्ञा नाहीत ना.”

“एकच?” विज्ञानातली कुमुद म्हणाली. “समजलेलं आहे त्याला. तुमच्या रकानेवाल्यांना विचारा बरं, चंद्रावर काय होईल ते.”

“बाई, उत्तरानं गुणांबद्दल बोलू नये,” थोपटे साहेब म्हणाले. “इनामदार, तुमचं?”

“इतिहासात प्रश्न होता, इतिहास लिहिताना पुरावे का तपासावेत. याचं उत्तर असं की, बाईंनी एकदा विचारलं, काल फळा कोणी पुसला? पाच जणांनी पाच नावं सांगितली. मग बाईंनी डस्टर कोणाच्या बाकाखाली आहे ते पाहिलं. तर तो बाईंच्याच टेबलाखाली होता.” इनामदार हसले. “मला आवडलं. पण नमुना उत्तरपत्रिकेत डस्टर नाही.”

“आणि भूगोलात?”

इनामदारांनी एकदा हिरवे सरांकडे पाहिले. इनामदारांना काही माहीत नव्हते, सवयीने पाहिले. “प्रश्न, प्राकृतिक रचनेचा मानवी जीवनावर परिणाम. उत्तर वाचतो. ‘आमच्या गावाला घाट आहे. बाईंचे मिस्टर दर शनिवारी त्यांना न्यायला मोटारसायकलवरून येत. घाटात गाडी तापते म्हणून ते तीन वेळा थांबत. शाळेत पोचले की फाटकाबाहेर थांबत. ते कधीच आत आले नाहीत. यावरून डोंगराळ भागात माणसांना एकत्र राहणे अवघड जाते असे दिसते.’ एवढंच. ना नकाशा, ना उंची मीटरमध्ये.”

भूगोलातली कुमुद मान किंचित वाकडी करून हिरवे सरांकडे पाहत होती.

“आणि या सगळ्याच्या पुढचं काय?” थोपटे साहेबांनी विचारले.

“पुढं कोरं आहे,” शेख बाई म्हणाल्या. “चार धड्यांपर्यंतची उत्तरं आली. पाचव्यापासूनच्या प्रश्नांचे मी क्रमांक पुकारले, कोणीच हजर झालं नाही.”

“माझ्याकडेही तसंच,” इनामदार म्हणाले. “चौथ्यानंतर सामसूम.”

“म्हणजे उतरवायला चारच धड्यांचा मजकूर मिळाला,” थोपटे साहेब म्हणाले आणि समाधानाने फाइल मिटू लागले. “हे प्रकरण गैरप्रकारात गेलं तर परीक्षार्थी ही परीक्षा धरून पुढच्या दोन परीक्षांना बाद. मला आनंद नाही होत, पण नियम आहे. तुम्हा तिघांपैकी कोणी लेखी दिलं की ही चार उत्तरं स्वतंत्र आहेत, तर प्रकरण मिटेल. पण कशावरून स्वतंत्र, तेही लिहावं लागेल.”

शेख बाई म्हणाल्या, त्यांना तसे वाटते, पण कशावरून ते सांगता येणार नाही. इनामदार म्हणाले, तेच. सगळ्यांनी हिरवे सरांकडे पाहिले.

हिरवे सरांना सांगता येत होते. कुमुदची टाचणवही घरी होती. रोज कोणत्या तासाला काय शिकवले ते शिक्षक ज्या वहीत लिहितात ती. तिच्यात शेवटची नोंद चौदा ऑगस्टची होती: ‘चौथा धडा पूर्ण. उद्या झेंडावंदन.’ झेंडावंदनाला ती पोचली नाही. त्या लेकराने कुठूनही काही उतरवले नव्हते. त्याला जेवढे शिकवले गेले तेवढे त्याने लिहिले होते, आणि जिने शिकवले तिच्यासकट लिहिले होते.

पण परिपत्रकातला अकरावा नियम त्यांना पाठ होता. परीक्षकाचा नातेवाईक प्रकरणात आढळला, तर त्या परीक्षार्थ्याचे सगळे पेपर त्याच दिवशी शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राकडे पाठवावेत.

“मला विचार करायला वेळ हवा,” हिरवे सर म्हणाले.

“घ्या. घाई नाही,” थोपटे साहेब म्हणाले. “परवा दुपारी मी अहवाल पाठवणार. कोणी लेखी दिलं नाही, तर चौकशी मंडळ बसेल, ते जूनपर्यंत चालेल. तोवर ही चारही उत्तरं राखीव. ज्येष्ठ परीक्षक म्हणून ती तुमच्या ताब्यात राहतील. रोज सकाळी हजेरी घ्यायची, संध्याकाळी कपाटात ठेवायची.”

“जूनपर्यंत?”

“जुलैही होईल. मंडळाचं काही खरं नसतं.”

दुसऱ्या दिवशी हिरवे सर पावणेअकराऐवजी साडेनऊलाच केंद्रावर आले. त्यांनी कपाट उघडून चार उत्तरपत्रिका काढल्या आणि हजेरी घेतली. चौघी बाकावर बसल्या. मराठीतली सुविचार म्हणू लागली, तेव्हा इतिहासातली म्हणाली, “हे कोणी म्हटलंय, कधी म्हटलंय, माहीत आहे का?” त्यावर मराठीतली मंद हसली. तिला दुसरे काही लिहून दिलेले नव्हते.

हॉल रिकामा होता. हिरवे सरांनी खुर्ची बाकाजवळ ओढली. सात महिन्यांत त्यांच्याजवळ बरेच प्रश्न साठले होते. त्यांतला सगळ्यांत साधा त्यांनी आधी काढला.

“गोधड्यांच्या पेटीची किल्ली कुठं आहे?”

“हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे,” विज्ञानातली म्हणाली.

“थंडीत मी शाल पांघरून काढली.”

“लोकर उष्णतेची दुर्वाहक असते. शाल चालते.”

“शेवटी तुला काही,” ते म्हणाले आणि थांबले. “तुम्हाला काही सांगायचं होतं का? कोणाला?”

तिघींनी एकमेकींकडे पाहिले. “पेपरात तसं काही नाही,” इतिहासातली म्हणाली. तिचा आवाज नरम होता, पण तिने पुढे काही जोडले नाही. पुराव्याशिवाय ती बोलत नसे.

भूगोलातली कुमुद मात्र त्यांच्याकडेच पाहत होती. “तुम्ही ते शनिवारचे ना?”

“हो.”

“फाटकाबाहेरचे.”

“हो.”

“कधी आत का नाही आलात?”

“शाळा चालू असायची.”

“शनिवारी शाळा साडेअकराला सुटते. तुम्ही बाराला यायचा.”

“पोरं थांबून बघायची,” हिरवे सर म्हणाले. “सगळी खिडकीत गोळा व्हायची. हसायची.”

“हसतील नाही तर काय? हेल्मेट काढून केसांवरून कंगवा फिरवायचा तुम्ही. आरशात बघून.”

“हे लिहिलंय त्यानं?”

“समासात. नंतर खोडलंय. पण वाचता येतं.”

हिरवे सरांनी उत्तरपत्रिका उजेडाकडे धरली. समासात पेनाने गिरवलेला एक काळा चौकोन होता आणि त्याखालून ‘कंगवा’ हा शब्द दिसत होता.

त्या दिवशी त्यांनी रोजच्यापेक्षा निम्म्या उत्तरपत्रिका तपासल्या. इनामदारांनी ते पाहिले, पण चहाच्या वेळेपर्यंत दम धरला.

“हिरवे, एक विचारू? रागावू नका. तुम्ही व्हरांड्यात फार वेळ काढताय. उत्तरांशी गप्पा मारणं बरं नव्हे. मी एकदा एका तहाच्या कलमांबरोबर आठवडा घालवला होता. घरी गेल्यावर बायकोशीही कलमवार बोलायला लागलो.”

“मग?”

“मग काय! तिनं चौथं कलम मान्य केलं नाही.” इनामदारांनी बशीत चहा ओतला. “तुम्हाला माहीत आहे ना काहीतरी?”

हिरवे सर चहा ढवळत राहिले. जूनपर्यंत म्हणजे अडीच महिने, ते मनात म्हणत होते. जुलैपर्यंत साडेतीन. लग्नाला चोवीस वर्षे झाली होती. त्यातली एकवीस वर्षे पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीचा अर्ज चालू होता. एका वर्षी तिची बदली त्यांच्या तालुक्यात झाली, त्याच आदेशात त्यांची दुसऱ्या तालुक्यात. शनिवार-रविवार धरले तरी सलग अडीच महिने ती दोघे कधी एका छपराखाली राहिलीच नव्हती. आता एक बाक होता, रोजची हजेरी होती आणि वरून आदेशही होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा साडेनऊला आले. या वेळी चौघी बाकावर नव्हत्या. तिघी टेबलाभोवती उभ्या राहून त्या चार उत्तरपत्रिका चाळत होत्या आणि मराठीतली थोडी बाजूला, हात जोडून.

“पाचव्या धड्यापासून काहीच नाही,” विज्ञानातली म्हणाली. “पुढचं कोणी शिकवलंच नाही का?”

“जागा रिकामी होती,” हिरवे सर म्हणाले. “डिसेंबरपर्यंत कोणी नेमलं नाही. मग एक गुरुजी आले, ते निवडणुकीच्या कामाला गेले.”

“मग लेकरानं करायचं काय?”

“बाकीची मुलं पाठ करतात. गाइड असतं.”

“याच्याकडे मराठीचंच दिसतंय,” इतिहासातली मराठीतलीकडे पाहत म्हणाली. “इतर विषयांना त्याला आम्हीच होतो.” तिने पाने मिटली. “आज त्याला गैरप्रकारात घालणार ना? त्या मोठ्या टेबलावरचे म्हणत होते.”

“आज दुपारी.”

“त्यानं उतरवलेलं नाही, हे कोणाला माहीत आहे?”

हिरवे सर उत्तरपत्रिकांच्या कडा जुळवू लागले.

“मला वाटतं, तुम्हाला माहीत आहे,” भूगोलातली म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला उठवताना ती जसे बोलायची तसे ती बोलली. “या वेळीही फाटकाबाहेरच थांबणार का?”

हिरवे सरांनी खिशातून पेन काढले. टोपण काढून पुन्हा लावले. मग ते उठून थोपटे साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. साहेब अजून आले नव्हते. पाऊण तास ते तिथेच उभे होते.

जबाब तसा थोडक्यात झाला. हिरवे सर म्हणाले, चारही उत्तरे स्वतंत्र आहेत. परीक्षार्थ्याने काही उतरवलेले नाही. शिकवणे चौथ्या धड्यापाशी थांबले, चौदा ऑगस्टला. म्हणून उत्तरेही तिथेच थांबली. उतरवणारा पुस्तक अर्ध्यात सोडत नाही.

“चौदा ऑगस्ट कशावरून?”

“टाचणवही आहे.”

“ती तुमच्याकडे कशी?”

“घरी आहे. त्या बाई माझ्या पत्नी.”

शेख बाईंनी पेन खाली ठेवले. इनामदारांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

थोपटे साहेबांनी फाइल उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली. “वहिनी?” ते चौघींकडे पाहून म्हणाले आणि खुर्चीतून अर्धवट उठले. मग भानावर येऊन बसले. “नियम अकरा. पण यांनी पेपर दिलेला नाही. या पेपरमध्ये आहेत. नातेवाईक या शब्दात हे बसतं का, पाहावं लागेल.”

“बसतं,” हिरवे सर म्हणाले. “मी पाहिलंय.”

“नातं काय लिहू?”

“पती.”

“थांबा,” इतिहासातली कुमुद म्हणाली. “एकट्याच्या सांगण्यावर असं लिहून टाकू नये. पुरावा काय?”

“बाई, तुम्ही तरी ओळखा!” थोपटे साहेब वैतागले.

“मी यांना ओळखत नाही. माझ्या उत्तरात हे नाहीत. माझ्या उत्तरात डस्टर आहे.”

“माझ्यात आहेत,” भूगोलातली म्हणाली. “समासात खोडलंय, पण आहे. शनिवारी बाराला. काळी मोटारसायकल, डाव्या आरशाला तडा. हेल्मेट काढून कंगवा.”

“तडा कुठल्या आरशाला?” थोपटे साहेबांनी हिरवे सरांना विचारले.

“डाव्या. तिसऱ्या वळणावर गाडी घसरली होती.”

“आता दोन साधनं जुळली,” इतिहासातली म्हणाली. “एकमेकांवर अवलंबून नसलेली. आता लिहा.”

थोपटे साहेबांनी ‘पती’ असे लिहिले. त्याखाली, दोन उत्तरांना एकमेकांचा मजकूर माहीत नसल्याचे समक्ष दिसून आले, सबब उत्तरे स्वतंत्र, गैरप्रकार नाही, असेही लिहिले. शेख बाईंनी आणि इनामदारांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. सही करताना इनामदारांनी उत्तरपत्रिकांवरच्या गुणांवरून एकदा बोट फिरवले.

“काठावर बसतंय लेकरू,” ते म्हणाले. “पाय पाण्यात आहेत, पण बसतंय.”

“माझा एक गुण वाढतोय,” शेख बाई म्हणाल्या. “संज्ञा नाहीत, पण फरक आहे. मी दोन करते.”

“तुमचे गुण आता रद्द,” थोपटे साहेब म्हणाले. “पेपर दुसऱ्या केंद्रावर जाणार. तिथले देतील ते खरे. पण शेरा लिहून ठेवा, वाचतील.” मग ते हिरवे सरांकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हिरवे, जुलैपर्यंत राहिल्या असत्या हो. मला कुठं काय माहीत होतं! पण आता इथं ठेवता येत नाही. एकत्रीकरणाची तरतूद या परिपत्रकात नाही.”

“कुठल्याच नव्हती,” हिरवे सर म्हणाले.

जीप दोन वाजता आली. चार उत्तरपत्रिका कापडी पिशवीत घातल्या, पिशवीचे तोंड शिवले. मोहोर लागेपर्यंत चौघी फाटकाबाहेर उभ्या होत्या आणि हिरवे सर फाटकाच्या आत. ही जागा दोघांनाही नवीन होती. विज्ञानातली म्हणाली की, शेजारच्या जिल्ह्यातले केंद्र उंचावर आहे, तेव्हा वजन अगदी किंचित कमी भरेल, काळजी नको. इतिहासातलीने मान हलवली. मराठीतलीने हात जोडले, आणि हिरवे सरांनी तिलाही हात जोडले. तिला तेवढेच येत होते आणि ती ते नीट करत होती.

“कंगवा आणलाय का आज?” भूगोलातलीने विचारले.

“नाही.”

“दिसतंय.”

लाख पडली, मोहोर उमटली आणि फाटकापाशी कोणी उरले नाही. जीप निघून गेली.

हिरवे सर आपल्या टेबलावर येऊन बसले. त्यांचे निम्मे काम मागे पडले होते आणि संध्याकाळपर्यंत वीस उत्तरपत्रिका व्हायला हव्या होत्या. त्यांनी वरची उघडली. या परीक्षार्थ्याने आवडते शिक्षक घेतले नव्हते, दुसरा पर्याय घेतला होता: ‘सूर्य उगवला नाही तर’. तिसऱ्या ओळीला खिडक्या काळ्या झाल्या. पाचव्या ओळीत विजेचे दिवेही बंद पडतील असे लिहिले होते; तेही बंद पडले. असे निबंध दरवर्षी दोनचार असतातच, म्हणून परीक्षकाच्या खणात एक छोटी बॅटरी ठेवलेली असते. गुण दिले की उजेड होतो. हिरवे सरांनी ती काढून लावली. बाकीचे परीक्षक पेनांना टोपणे लावून थांबले.

“कोणाचा सूर्य?” अंधारातून थोपटे साहेबांनी विचारले.

“माझा,” हिरवे सर म्हणाले.

“मोठा आहे का?”

निबंध दीड पानाचा होता. “हो,” ते म्हणाले. “पुरवण्या जोडल्यात.”

“सावकाश होऊ दे.”

हिरवे सरांनी बॅटरी विझवली. ती विझलेली हॉलमधल्या सगळ्यांनाच दिसत होती. उजवीकडे शेख बाईंची खुर्ची एकदा करकरली आणि थांबली. इनामदारांना खोकला आला होता, तोही त्यांनी दाबला. एक तात्कालिक कारण धापा टाकत दारातून आत आले, तर कोणीतरी त्याला हळूच सांगितले की, जरा थांब, सरांचा पेपर चाललाय.